असीलची अंडी बाहेरगावाहून मागवून उबवणे: खान्देशच्या हवेत कितपत जमते?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळे तालुक्यातील आमच्या मळ्यात गावठी कोंबड्या पूर्वीपासून आहेत. त्यांच्या जोडीला असील जातीचा एक छोटा आणि शुद्ध कळप उभा करावा, असे बरेच दिवस मनात आहे. ही झुंजीची जात म्हणून ओळखली जाते, पण झुंजीशी माझा काहीएक संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ताठ उभी चण, अंगाला चिकटलेली घट्ट पिसे आणि माणसाळण्याचा स्वभाव यांमुळे ही जात मला आवडते, परंतु आपल्याकडच्या बाजारांत असील म्हणून जे विकले जाते त्यात गावठीचाच अंश अधिक दिसतो.

आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतील काही पाळणारे उबवणीची अंडी खोक्यात बांधून पाठवतात. एका अंड्याची किंमत गावठी अंड्याच्या कितीतरी पट असते आणि पिल्लू निघेलच याची हमी कोणीही देत नाही. माझे प्रश्न असे की, अंडी मागवावीत, पिल्ले आणावीत की थेट मोठी जोडी आणावी? अंडीच मागवायची तर कोणत्या महिन्यात मागवावीत? आणि ती यंत्रात ठेवावीत की खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

केळीवाले_आबा

पांझराकाठ भाऊ, अंडी मागवू नका, पक्षी आणा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मगच सौद्याला हात घालतो. तुम्ही मात्र मोबाईलवर कोंबड्याचा फोटो पाहून ज्या अंड्याचे पैसे देणार, ते त्याच कोंबड्याचे आहे हे तुम्हाला कोण सांगणार?

खुडूक_कोंबडी

आबा, घोड्याचे दात मोजता येतात, पण कोंबडीला दातच नसतात, म्हणून तर बिचारे फोटो पाहतात. पांझराकाठ दादा, अंड्यांच्या बाजूने मी नंतर सविस्तर लिहीन, आधी डॉक्टरसाहेबांना बोलू द्या.

पशुवैद्य_शहादा

ताईंनी बोलावलेच आहे, तर मुळापासून सांगतो, कारण या विषयात बहुतेक चर्चा यंत्राभोवती फिरते आणि खरे नुकसान यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असते.

अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते, कारण कवच तयार होण्याचा जवळजवळ सगळा काळ ते कोंबडीच्या अंगाच्या उबेत असते. बाहेर आल्यावर ते थंड होते आणि वाढ थांबते. ही थांबलेली अवस्था टिकवायची असेल तर अंडे साधारण १३ ते १८ अंशांत आणि दमट हवेत ठेवावे लागते. २० ते २१ अंशांच्या वर तापमान गेले की गर्भ पुन्हा हळूहळू जागा होऊ लागतो, मात्र नीट वाढण्यासाठी लागणारी ३७.५ अंशांची ऊब त्याला मिळत नाही. अशी अर्धवट वाढ झालेला गर्भ दुबळा होतो आणि यंत्रात ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात मरतो.

आता आपल्याकडची हवा विचारात घ्या. चैत्रापासून जून सरेपर्यंत जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात रात्रीदेखील पारा त्या मर्यादेच्या खाली सहसा येत नाही आणि मे महिन्यात दुपारी तो ४५ अंशांपर्यंत जातो. मालमोटारीच्या बंद पेटीत तापमान त्याहूनही जास्त असते. म्हणजे अंडे प्रवासात असतानाच उबायला लागते, पुन्हा थंड होते आणि पुन्हा तापते. ज्याला बाहेरून अंडी मागवायची आहेत त्याने ती कार्तिकाच्या अखेरीपासून माघापर्यंतच मागवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत अंडे सहसा बिघडत नाही; धुळ्याच्या आठ-नऊ अंशांच्या रात्रीही बांधलेल्या खोक्यातील अंडी सहन करतात.

दुसरी गोष्ट वयाची. सात दिवसांपर्यंतच्या अंड्यांची उबवणक्षमता चांगली राहते, त्यानंतर ती दिवसागणिक घसरत जाते. विक्रेत्याने पाच दिवस साठवलेली अंडी चार दिवस प्रवास करून आली, तर तुमच्या हाती नऊ दिवसांची अंडी पडतात. तेव्हा अंडी किती दिवसांत गोळा केली, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

अनेरकाठ

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले शब्दशः खरे आहे. गेल्या चैत्रात मी दक्षिणेतून असीलची अंडी मागवली होती. खोके जिल्ह्याच्या ठिकाणी आले, आणि पुढे आमच्या गावापर्यंत पोहोचण्याआधी ते पत्र्याच्या गोदामात पडून राहिले. त्या वाहतूक कंपनीने दूरध्वनीवर मात्र रोज ‘माल निघाला आहे’ असेच सांगितले. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडावर अंडी पाहिली, तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या फार थोड्या अंड्यांत होत्या आणि बाकीच्यांत लाल कडे दिसत होते. हे कडे म्हणजे गर्भ सुरू होऊन मेल्याची खूण असते. पूर्ण स्वच्छ दिसणारे अंडे हे बहुधा फलितच नसते, पण कडे दिसले तर कोंबड्याने आपले काम केले होते आणि पुढे कोठेतरी घात झाला, एवढे नक्की समजते. या एका फरकामुळे विक्रेत्याशी भांडायचे की वाहतुकीला दोष द्यायचा, हे ठरवता येते.

नंतर हिवाळ्यात त्याच माणसाकडून पुन्हा अंडी घेतली आणि निम्म्याहून थोडी अधिक पिल्ले निघाली. प्रवास करून आलेल्या अंड्यांत निम्मी पिल्ले निघाली तरी ते चांगले मानावे. घरच्या ताज्या अंड्यांच्या हिशेबाने अपेक्षा ठेवू नये.

खोके उघडल्यावर काय करावे तेही सांगतो. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि जंतू आत शिरतात. ती निमुळते टोक खाली ठेवून ट्रेमध्ये उभी करावीत आणि किमान एक रात्र, शक्यतो पूर्ण चोवीस तास, तशीच थंड खोलीत राहू द्यावीत. धक्क्यांमुळे बोथट टोकाकडची हवेची पोकळी सुटलेली असते. उजेडावर पाहून अंडे हलकेच कलते केले की ती पोकळी बुडबुड्याप्रमाणे सरकताना दिसते. अशी अंडी आम्ही यंत्रातही उभीच ठेवतो आणि सुरुवातीचे काही दिवस फिरवत नाही. पोकळी जागेवर बसल्यावर मग हलक्या कोनात फिरवायला सुरुवात करतो.

भुसावळ_जंक्शन

अनेरकाठ भाऊ, वाहतुकीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कुरिअरचा माल प्रत्येक टप्प्यावर चढतो-उतरतो आणि प्रत्येक वेळी तो फेकला जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा रात्रीच्या खासगी बसने चालकाच्या केबिनमध्ये खोके ठेवून आणणे, आणि आपण स्वतः थांब्यावर उभे राहून ते घेणे, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्गावर आणि मुंबई-आग्रा महामार्गावर अशा बसगाड्या रात्रभर धावतात. दक्षिणेतून येणाऱ्यांना एकदा तरी गाडी बदलावी लागते, म्हणून ओळखीचा कोणी रेल्वेने भुसावळला येत असेल तर त्याच्या हातीच खोके द्यावे. मांडीवर घेऊन आलेली अंडी जशी उबतात तशी कोणत्याही पार्सलची उबत नाहीत.

एक भीती मात्र विनाकारण पसरली आहे. विमानतळावरील तपासणी यंत्रातून गेलेल्या अंड्यांत पिल्ले होत नाहीत, असे अनेक जण सांगतात. त्या तपासणीतील किरणांची मात्रा अत्यल्प असते. अंडी बिघडतात ती आपटण्याने आणि उष्णतेने.

खुडूक_कोंबडी

मांडीवर घेऊन येणारा पाहुणा जास्त उबदार असेल, तर भुसावळला अंड्यांऐवजी पिल्लेच उतरवून घ्यावी लागतील!

न्यायालयाची_पायरी

पांझराकाठ यांनी झुंजीशी संबंध नसल्याचे लिहिले आहे, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी कायद्याची बाजू नोंदवतो. असील पाळणे, विकणे, त्याची अंडी मागवणे यांत काहीही बेकायदा नाही. मात्र प्राण्यांना झुंजीसाठी चिथावणे आणि झुंजीसाठी जागा चालवणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे, हे वाचून अनेकांना हसू येते. पण झुंजीच्या ठिकाणी पैजा लागतात, पोलीस जुगाराच्या कायद्याखाली कारवाई करतात, पक्षी जप्त होतात आणि मग तो पन्नास रुपयांचा विनोद राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात प्राण्यांना एकमेकांशी अथवा माणसांशी झुंजायला चिथावले जाऊ नये, असे स्पष्ट निर्देश दिलेले आहेत.

सातपुडा_पायथा

वकीलसाहेब, मग बैलांच्या शर्यती कशा चालतात? आमच्याकडे शंकरपट पुन्हा सुरू झाले आहेत.

न्यायालयाची_पायरी

महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यासाठी केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि घटनापीठाने मे २०२३ मध्ये ती वैध ठरवली, म्हणून शर्यती अटींसह चालतात. कोंबड्यांच्या झुंजींसाठी अशी कोणतीही दुरुस्ती झालेली नाही.

गिरणाथडी

मी थोडे कडू बोलणार आहे, राग मानू नये. झुंजवायचा नाही आणि अंड्यांसाठीही ठेवायचा नाही, तर असील पाळायचाच कशाला? वर्षाकाठी ही कोंबडी अंडी देते ती इतकी थोडी की दाण्याचा खर्चही निघत नाही. मांसासाठी म्हणाल तर वाढ अत्यंत सावकाश. ‘फक्त आवड’ असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचे पठ्ठे (तरुण नर) शेवटी राज्याच्या सीमेपलीकडच्या एखाद्या गावी संक्रांतीला झुंजीसाठी पोहोचतात, हे आपण सगळे जाणतो. शासनाकडून मिळणारी सुधारित पिल्ले घ्यावीत, अंडी विकावीत आणि शांत झोपावे.

पशुवैद्य_शहादा

गिरणाथडी यांच्या शंकेत तथ्य आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. असीलच्या रक्ताचा उपयोग झुंजीपुरता कधीच नव्हता. इंग्लंडात कॉर्निश ही जात घडली ती आपल्याकडून नेलेल्या असीलच्या रक्तावर, आणि आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या नरवंशात कॉर्निशच आहे. रुंद छातीचा हा वारसा येथूनच गेला. आपल्याकडेही बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलचा संकर करून ‘कारी निर्भीक’ हा परसातला पक्षी तयार केला, आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात असीलचा कळप जतन केला जातो. जातिवंत पक्षी शौकिनांनी राखले नाहीत तर संकर तरी कशाचा करणार?

शिवाय झुंजीखेरीजही या पक्ष्याला मान आहे. तमिळनाडूत पोपटासारखी बाकदार चोच आणि लांब शेपूट असलेल्या असीलांची प्रदर्शने भरतात, पक्ष्यांना गुण देऊन बक्षिसे दिली जातात आणि त्या पक्ष्यांना कोणी झुंजवत नाही, कारण एका ओरखड्यानेही त्यांची किंमत उतरते.

गिरणाथडी

प्रदर्शनांचा मुद्दा मान्य आहे. सावकाश वाढीचा आणि दाण्याच्या खर्चाचा मुद्दा मात्र तुम्ही अलगद टाळलात, डॉक्टरसाहेब.

पुण्यातला_खान्देशी

दाण्याचा खर्च एका बाजूला आणि काळ्या मसाल्यातला रस्सा कळण्याच्या भाकरीसोबत दुसऱ्या बाजूला, असा तराजू लावला तर काय होईल, हे लिहिण्याची माझी इच्छा होती. परंतु ज्या पक्ष्याचे अंडेच इतके महाग आहे त्याचा रस्सा करणाऱ्याला घरातले लोक माळ्यावर झोपवतील.

खुडूक_कोंबडी

आता माझे सविस्तर मत. मी अमळनेर तालुक्यात गावठी आणि असील दोन्ही पाळते, आणि माझा कौल खुडूक कोंबडीला आहे. तरी यंत्राला मी नावे ठेवणार नाही, कारण दोघांची कामे वेगळी आहेत.

गावठी कोंबडी अंगाच्या मानाने दहा-बारा अंडी नीट झाकते. तिला बसवण्याआधी दोन दिवस साध्या अंड्यांवर बसवून तिची चिकाटी पाहावी. जी दाणा खायला उठते आणि परत त्याच टोपल्यात जाऊन बसते, तीच खरी. असीलची अंडी तिच्याखाली रात्री सरकवावीत, म्हणजे ती बिथरत नाही. टोपल्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालावा, कारण उवा झाल्या की एकवीस दिवस कोणतीही कोंबडी टिकत नाही. असीलची मादी स्वतःही उत्तम बसते आणि पिल्लांसाठी मांजरालाही भिडते, मात्र ती वजनाने भारी असल्यामुळे पातळ कवचाची अंडी तिच्याखाली फुटण्याचा धोका असतो. म्हणून बाहेरून आणलेली महागडी अंडी मी हलक्या गावठी कोंबडीखालीच ठेवते.

यंत्राबद्दल एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. छोट्या इन्क्युबेटरला केवळ गरम करता येते, थंड करता येत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंश असतील, तर दिवा बंद राहूनही आतली अंडी ४२ अंशांवरच राहतात आणि त्या तापमानाला गर्भ शिजतोच. थोडा वेळ गारवा लागला तर अंडे सोसते, जास्तीची उष्णता सोसत नाही. आमचे जुने धाब्याचे घर अजून उभे आहे, त्याच्या आतल्या खोलीत माझे यंत्र असते. मातीच्या जाड भिंती आणि वरची माती यांमुळे तेथे दुपारीही हवा सुसह्य राहते. कूलर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की कूलरमुळे खोली थंड होते, पण आर्द्रता एकदम चढते.

वीज गेली तर झाकण उघडून पाहत बसू नये. यंत्रावर गोधडी टाकावी, हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि वाट पाहावी. दोन-तीन तासांच्या खंडाने अंडी वाया जात नाहीत. पिल्ले फार तर थोडी उशिरा निघतात.

सातपुडा_पायथा

ताई, आर्द्रतेचे गणित मला कधीच जमले नाही. यंत्रावरचा आकडा एक सांगतो आणि पिल्ले दुसरेच सांगतात.

अनेरकाठ

सातपुडा भाऊ, स्वस्त यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास ठेवूच नये. एका झाकणात मीठ घेऊन त्यात लगदा होईल एवढेच पाणी घाला, ते झाकण आणि आर्द्रतामापक एकाच हवाबंद डब्यात काही तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. तो ६८ दाखवत असेल तर सात टक्क्यांची तफावत लक्षात ठेवून पुढे वापरा. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवतात. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला ते ३८.५ अंशांच्या आसपास लागते, कारण अशा यंत्रात वरची हवा गरम आणि खालची थंड असते. आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, हा सर्वसाधारण नियम आहे. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करायचे आणि त्यानंतर झाकण उघडायचे नाही.

पण नियमापेक्षा वजन खरे बोलते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे ४४ ग्रॅमवर यायला हवे. ते फार कमी घटले तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आत गुदमरते. फार घटले तर पडदा पिल्लाला चिकटून बसतो. आपल्याकडे माघात हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याची वाटी वाढवावी लागते, आणि श्रावणात कधीकधी वाटी काढूनच ठेवावी लागते.

भुसावळ_जंक्शन

ग्रॅमचा काटा घेण्यासाठी आपल्या जिल्ह्याला लांब जायला नको. जळगावच्या सराफ बाजारात अंडे तोलून मागणारे गिऱ्हाईक आले, तर सोनार आधी घट किती धरायची, हेच विचारील.

नवापूरकर

अंडी की पक्षी, या मूळ प्रश्नावर एक मुद्दा राहून गेला आहे आणि तो आमच्या गावाने फार महाग मोजून शिकला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात आढळला, आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले ते अनोळखी पक्षी थेट आपल्या खुराड्यात कधीच सोडत नाहीत.

आबांचे म्हणणे बरोबर आहे की मोठा पक्षी डोळ्यांनी पारखता येतो. पण डोळ्यांना मानमोडी (राणीखेत रोग) दिसत नाही, ती अंगात मुरत असताना पक्षी तजेलदारच दिसतो. नवा पक्षी आणलाच तर तो किमान तीन आठवडे जुन्या कळपापासून दूर, वेगळ्या भांड्यांत आणि शक्य असल्यास वेगळ्या माणसाच्या हाताखाली ठेवावा. पांझराकाठ यांच्याकडे आधीच गावठी कळप आहे, म्हणून मी अंड्यांच्या बाजूचा आहे. आणि एखाद्या भागात बर्ड फ्लूची अधिसूचना निघाली असेल, तर तेथून पक्षी वा अंडी काहीही आणू नये. तो नियमभंग तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांचा घात आहे.

पशुवैद्य_शहादा

नवापूरकरांशी सहमत आहे, मात्र अंडी म्हणजे पूर्ण निर्धोक असे समजू नये. साल्मोनेलाचे काही प्रकार आणि मायकोप्लाझ्मा हे रोगजंतू आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतात. विक्रेत्याच्या कळपात घरघर, नाकातून पाणी किंवा पिल्लांची पांढरी हगवण आहे का, हे विचारावे आणि चलत्चित्र मागवून घ्यावे. आजारी कळपाची अंडी स्वस्तात मिळाली तरी नकोत.

केळीवाले_आबा

नवापूरकरांच्या बोलण्याला मान देतो. त्या वर्षी आमच्या रावेरच्या बाजारातसुद्धा कोंबडीकडे कोणी पाहत नव्हते. तरी अंडी घेणारच असाल तर शुद्धतेच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली म्हणजे तुऱ्यावरून असील ओळखता येत नाही. असीलचा तुरा बुटका, तीन रांगांचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो गुण पुढे जोरकसपणे उतरतो, त्यामुळे गावठीच्या पहिल्याच संकरातही तुरा बुटका दिसतो आणि विकणारा तोच दाखवतो. पाहायची असेल तर हाडांची जाडी, मानेची लांबी, पिसांचा घट्टपणा आणि उघडी, लालसर छाती पाहावी. दुसरी म्हणजे, कोंबडी एकदा कोंबड्याला लागली की नंतर दोन आठवड्यांच्या आसपास फलित अंडी देत राहते. म्हणून विक्रेत्याने माद्या दुसऱ्या नरापासून किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या होत्या का, हे विचारा. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

पांझराकाठ

जिभाऊ मंडळी, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. गिरणाथडी यांचा दाण्याचा मुद्दाही मी मनात ठेवला आहे. मका आणि बाजरी घरचीच आहे, त्यामुळे तो भार मी पेलू शकेन. आता पुढचा प्रश्न विचारतो. पिल्ले निघाल्यावर असीलला गावठीपेक्षा वेगळे काय लागते? ती लहानपणीच एकमेकांना रक्तबंबाळ करतात, असे ऐकले आहे.

पशुवैद्य_शहादा

ऐकले ते खरे आहे. असीलची पिल्ले काही आठवड्यांतच आपसांत चोची मारू लागतात. बहुतेक वेळा क्रम ठरला की ती शांत होतात, पण रक्त दिसलेले पिल्लू ताबडतोब वेगळे काढावे, कारण बाकीची त्याच जखमेवर चोच मारत राहतात. गर्दी आणि भगभगीत उजेड यांमुळे भांडणे वाढतात. पठ्ठे बांग देऊ लागले की प्रत्येकाला स्वतंत्र खण लागतो, आणि दोन खणांमधील भिंत जाळीची नसावी, आरपार न दिसणारी असावी. समोरचा नर दिसत राहिला तर ते जाळीवरच डोकी फोडून घेतात. तलंगा (तरुण माद्या) एकत्र राहू शकतात, मात्र नवी तलंग जुन्या गटात दिवसा सोडू नये.

ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, हा नियम असीललाही लागू आहे. फक्त असीलच्या पिल्लांना पिसे उशिरा येतात, आणि तुमची पिल्ले पौष-माघातली असणार. म्हणून रात्रीची ऊब गावठीपेक्षा जास्त आठवडे चालू ठेवावी. खाद्यात सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. केवळ घरच्या मक्यावर पिल्ले वाढवली तर हाडे आणि पिसे दोन्ही कमकुवत होतात, आणि असीलमध्ये तर तेच दोन गुण पाहायचे असतात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची जुनी पेंड कोणत्याही वयाच्या पक्ष्याला घालू नये. त्यातील विषाने यकृत जाते. पावसाळ्यात अंथरलेला भुसा ओला राहिला तर रक्ती हगवण येते, तिच्यावर औषध आहे, पण कोरडा भुसा त्याहून स्वस्त पडतो.

लसीकरणात पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस आणि आठ आठवड्यांनंतर मानमोडीचे टोचण्याचे आर टू बी, एवढे तरी चुकवू नये. गावाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक आधी पक्के करून घ्यावे.

अनेरकाठ

पांझराकाठ भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. मागवायची तेव्हा सगळी अंडी एका खोक्यात मागवू नका. आठवड्याच्या अंतराने दोन खोकी मागवा, म्हणजे एक आपटले तरी दुसरे उरते. प्रत्येक अंडे स्वतंत्र गुंडाळलेले, निमुळते टोक खाली, आणि खोक्याच्या आत दुसरे खोके, मधल्या जागेत भुसा, असे बांधायला सांगा. त्याच माद्यांची अंडी विक्रेता स्वतःच्या घरी उबवतो तेव्हा किती पिल्ले निघतात, हेही विचारा. त्याच्याकडेच निम्मी निघत असतील तर तुमच्यापर्यंत काय पोहोचणार? आणि बावीसाव्या-तेविसाव्या दिवशी जी अंडी निघणार नाहीत ती उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून पाहा. गर्भ कितव्या दिवशी मेला हे त्याच्या आकारावरून कळते. पहिल्या आठवड्यातला असेल तर प्रवासाकडे आणि साठवणीकडे पाहा, पूर्ण वाढलेला असेल तर आर्द्रतेकडे किंवा अंडी फिरवण्याकडे. वास फार येतो, म्हणून हे काम घरापासून दूर करावे.

पांझराकाठ

ठरले तर मग. मार्गशीर्षात दोन खोकी मागवतो, चार दिवसांहून जुने अंडे नको, असे आधीच कळवतो, आणि खोके बसने मागवून स्वतः धुळ्याच्या थांब्यावर उभा राहतो. अर्धी अंडी यंत्रात आणि अर्धी गावठी कोंबडीखाली ठेवीन. कोंबड्या खुडूक झाल्या नाहीत तर तेवढीही यंत्रात. एक अडचण मात्र उरते. लासोटाची कुपी शंभर मात्रांच्या खाली मिळत नाही, असे दुकानदार म्हणतो, आणि माझी पिल्ले असून असून किती असणार?

खुडूक_कोंबडी

दादा, लस एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही, म्हणून कुपी एकट्याने घेऊच नये. माझ्या कोंबड्याही मार्गशीर्षात बसतील आणि पिल्लांचा सातवा दिवस पुढे-मागे एकच येईल. अमळनेर ते धुळे अंतर फार नाही. बर्फाच्या डब्यात कुपी मी आणते, पण पिल्ले निघाल्याची तारीख त्याच दिवशी येथे लिहा.

सातपुडा_पायथा

ताई, चोपड्यावरून मीही येतो, माझीही वीस-पंचवीस पिल्ले त्याच सुमाराची असतील. बर्फाचा डबा माझ्याकडे मोठा आहे, तो मी आणतो.